अमेरिकेचे सनातनी आणि आपली घटना

दिग्रस तालुक्यातील एका खेड्यात गेल्या पौर्णिमेस वंदनेसाठी जाण्याचा योग आला. वंदना आटोपल्यावर मंडळी विहाराच्या ओसरीवर बसली. त्यांत दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेले एक कुटुंब होते. त्या घरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने मोबाईलवर आलेला एक मजकूर सर्वांस वाचून दाखविला. त्याचा आशय असा की, अमेरिकेसारख्या सुधारलेल्या राष्ट्रानेदेखील आपल्या सर्वोच्च न्यायालयाकरवी राखीव जागा बंद केल्या. कायद्याने माणसाचा वर्ण पाहू नये हे तेथील शहाण्या न्यायाधीशांनी ठरविले. तेव्हा भारतानेही आता तोच मार्ग धरावा. मुलाचे वाचन संपले तेव्हा त्याची आई हळूच म्हणाली, "मंग भाऊ, आमी कागदावर बौद्ध लिवलं हे चुकलं का? कोरटानं उद्या सारं काढून घेतलं तं या पोराच्या शिक्षनाचं काय होईन?"

त्या माउलीच्या प्रश्नास ओसरीवर दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच. जो मजकूर त्या मुलाच्या हाती आला, तो आज प्रत्येक नवदीक्षित घरात येत आहे. त्यातील खरे किती, खोटे किती आणि त्यामागील विचार कोणाच्या कुळातला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

कापसाच्या वाटेने आलेली अमेरिका

यवतमाळच्या माणसाने अमेरिकेचे राजकारण आपल्यापासून दूरचे मानण्याचे कारण नाही. १८५३ साली निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. येथील कापसावर त्यांचा डोळा होताच. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव कधी नव्हे इतका चढला. युद्ध संपले आणि तो भाव कोसळला. भावाच्या या चढउताराने सावकार व व्यापारी हलले. गावकूस मात्र जागचे हलले नाही. आजही तोच संबंध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली, आणि त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क त्या वर्षाअखेरपर्यंत उठविले. वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्यास त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मालाप्रमाणे विचारांचीही देवघेव झाली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. म्हणजे अमेरिकेकडून काय घ्यावे हे आपल्या थोरांनी पूर्वीच पाहून ठेवले आहे. आज आपल्या दारात येत आहे ती फुल्यांची अमेरिका नव्हे. ती तेथील सनातन्यांची अमेरिका होय.

मेलेल्यांचे शब्दप्रामाण्य

या अमेरिकन सनातन्यांचे न्यायालयाविषयीचे मत थोडक्यात असे आहे : घटना ज्या पिढीने लिहिली, त्या पिढीने तिच्या शब्दांचा जो अर्थ मानला, तोच अर्थ न्यायाधीशांनी मानावा. काळ बदलला म्हणून अर्थ बदलू नये. बदल हवा असल्यास तो लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाने करावा. लोकांनी न निवडलेल्या नऊ न्यायाधीशांनी करू नये.

हे मत वरवर पाहता निर्दोष वाटते, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. न्यायाधीशांच्या हाती अमर्याद सत्ता देण्याविषयी खुद्द बाबासाहेबांच्या मनातही शंका होती. १९४८ साली घटनासमितीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर बोलताना, कायदेमंडळावर सर्वस्वी विसंबण्यात जसा धोका आहे तसाच पाचसहा न्यायाधीशांच्या मर्जीवर विसंबण्यातही आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले होते. प्रश्न एवढाच आहे की, अमेरिकेतील सनातनी मंडळी हे तत्त्व खरोखर पाळतात काय?

प्रथम या तत्त्वाने काय केले ते पाहा. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाचा एक गुलाम आपले स्वातंत्र्य मागण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभा होता. सरन्यायाधीश टॅनी यांनी निवाडा दिला की, घटना लिहिली गेली त्या काळी आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिक समजले जात नव्हते. त्यांना कोणतेही हक्क आहेत असे गोऱ्या समाजाने मानले नव्हते. आणि घटनेचा अर्थ त्या काळी होता तसाच आजही लावला पाहिजे. सबब ड्रेड स्कॉट हा नागरिक नव्हे व त्यास न्यायालयात दाद मागता येत नाही! आजचे मूळार्थवादी म्हणतात की, टॅनींचा इतिहासच खोटा होता. ते खरे आहे. त्याच खटल्यात न्यायमूर्ती कर्टिस यांनी भिन्न मत देऊन दाखवून दिले होते की, स्थापनेच्या काळी काही राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क होता. परंतु म्हणूनच आम्ही विचारतो : ज्या तत्त्वात इतिहास कोणाच्या डोळ्यांनी वाचावयाचा यावर माणसाचे माणूसपण अवलंबून राहते, ते तत्त्व सुरक्षित कसे?

आपणांस ही पद्धत अपरिचित नाही. पूर्वजांनी जे लिहिले ते प्रमाण, त्याचा अर्थ आम्ही सांगू तोच, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना बोलण्याचा अधिकार नाही, हीच तर स्मृतिप्रामाण्याची पद्धत. तिची होळी महाडला १९२७ सालीच झाली. खुद्द अमेरिकेच्या आद्य पुढाऱ्यांपैकी जेफर्सन यांचे म्हणणे होते की, एका पिढीने पुढच्या पिढीस बांधून टाकू नये. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जेफर्सनच्याच या मताचा आधार घेऊन घटनेत दुरुस्तीची वाट मोकळी ठेवल्याचे समर्थन केले. घटनाकारानेच स्वतःच्या शब्दांची मूर्ती होऊ दिली नाही, तेथे इतरांनी ती पूजेस का लावावी?

तत्त्व की सोय?

आता या मंडळींचा दुसरा दावा घ्या : न्यायालयाने लोकनियुक्त विधिमंडळाच्या आड येऊ नये. १८९५ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, पाव भाजणाऱ्या कामगारांना दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांहून अधिक राबवू नये. १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने करारस्वातंत्र्याच्या नावाखाली तो कायदा रद्द केला. तेव्हा विधिमंडळाचा मान कोठे गेला होता? मालकवर्गास न्यायालयाची ही सत्ता गोड वाटली.

१७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, गोऱ्या व काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. तेव्हा मात्र दक्षिणेतील पुढाऱ्यांना न्यायालयाचे अतिक्रमण दिसू लागले. मार्च १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या १०१ सभासदांनी एक जाहीरनामा काढला. घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, मग शाळांविषयी न्यायालय बोलते कसे, असा त्यांचा सवाल होता. हे बहुतेक सभासद डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हेही ध्यानात असू द्यावे. सनातनीपणा पक्षाच्या नावावर ठरत नाही. तिकडे हा जाहीरनामा निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपुरात आपल्या लक्षावधी बांधवांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेतली. एकाच वर्षी एक समाज जुनी भिंत धरून बसला, तर दुसरा ती ओलांडून बाहेर पडला.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६५ साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचे रक्षण करणारा कायदा झाला. २००६ साली काँग्रेसने त्याची मुदत आणखी २५ वर्षांनी वाढविली; वरिष्ठ सभागृहात त्याच्या बाजूने ९८ मते पडली, विरोधात एकही नाही. याहून स्पष्ट लोकमत कोणते असू शकते? तरीही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सनातनी बहुमताने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, त्या कायद्याचा कणाच मोडला. कोणत्या राज्यांवर देखरेख ठेवावयाची हे ठरविणारे कलमच रद्द झाले. येथे विधिमंडळाचा मान राखला गेला नाही, की न्यायालयीन संयमही आठवला नाही. यावरून एकच गोष्ट सिद्ध होते. ज्या बाजूने जुनी सत्ता शाबूत राहील ती बाजू धरावयाची, आणि तिला शोभेल ते तत्त्व नंतर शोधावयाचे.

आंधळा कायदा कोणास पाहत नाही?

आता त्या मुलाच्या मोबाईलवरील मजकुराकडे वळू. अमेरिकेने राखीव जागा बंद केल्या हे विधानच मुळात खोटे आहे. विद्यापीठात वर्णावर ठराविक जागा राखून ठेवण्यास तेथील न्यायालयाने १९७८ सालीच मनाई केली होती. प्रवेश देताना इतर अनेक गोष्टींबरोबर विद्यार्थ्याचा वर्णही विचारात घ्यावा, एवढीच मुभा उरली होती. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यांत ती मुभाही काढून घेण्यात आली. आपल्याकडील राखीव जागांना घटनेचा स्पष्ट आधार आहे. तेथे तसा आधार कधीच नव्हता. म्हणून एका देशाचा निवाडा उचलून दुसऱ्या देशावर लादणे हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी.

कायदा रंगांधळा असावा, हे वचन सनातनी मंडळी न्यायमूर्ती हार्लन यांच्या नावाने सांगतात. हार्लन यांनी ते केव्हा म्हटले? १८९६ साली, जेव्हा कायदाच काळ्या माणसास आगगाडीच्या वेगळ्या डब्यात बसवीत होता, आणि आठांपैकी सात न्यायाधीशांना त्यात अन्याय दिसत नव्हता. एकटे हार्लन विरोधात उभे राहिले. जो शब्द भिंत पाडण्यासाठी उच्चारला गेला, तोच आज भिंतीपलीकडच्यांना वर घेणारी शिडी काढून घेण्यासाठी वापरला जात आहे. आपल्याकडेही पाहा. पाणवठ्यावर, देवळाच्या दारात, लग्नाच्या पंगतीत शतकानुशतके जात विचारली, तेव्हा कोणास ती विचारणे वाईट वाटले नाही. शाळेच्या अर्जावर सरकारने ती विचारताच मात्र यांना एकाएकी समतेचा उमाळा येतो!

शिवाय या आंधळ्या कायद्याचा एक डोळा उघडाच राहिला. २०२३ च्या निवाड्याने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि मोठ्या देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात मिळणाऱ्या झुकत्या मापास हात लावला नाही. बाप त्या विद्यापीठात शिकला म्हणून मुलास प्रवेश सुलभ व्हावा, यास काय म्हणावयाचे? ही वाडवडिलांच्या पुण्याईची राखीव जागाच नव्हे काय? ज्याच्या आजोबास त्या विद्यापीठाच्या दारात उभे राहू दिले नव्हते, त्याने ही पुण्याई आणावयाची कोठून?

कोणी म्हणेल की, न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस हे स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांनी या निवाड्यास विस्ताराने पाठिंबा दिला आहे. खरे आहे. अशा सवलतीने समाजातील कर्तबगार माणसाच्याही यशावर शिक्का बसतो, असे त्यांना वाटते. हा शिक्का आपल्या मुलांनाही ठाऊक आहे; वर्गात आणि कचेरीत त्यांना तो रोज दाखविला जातो. परंतु शिक्का मारणारा हात सवलतीच्या पूर्वीपासूनच शिक्के मारीत आला आहे. अस्पृश्यास राखीव जागा नव्हत्या, तेव्हा त्याच्या बुद्धीचा सत्कार होत होता काय? परदेशी पदव्या घेऊन बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांना राहावयास घर मिळाले नाही, तेव्हा कोणती सवलत त्यांच्या आड आली होती?

युद्ध आले की उघडणारे दार

त्या निवाड्यातील एक तळटीप प्रत्येक बौद्ध कुटुंबाने लक्षात ठेवावी. सैन्याधिकारी तयार करणाऱ्या लष्करी शिक्षणसंस्थांविषयी आम्ही मत देत नाही, असे न्यायालयाने तीत म्हटले. त्यांची गरज वेगळी असू शकते! बंदूक धरावयाची असेल तर वर्ण पाहणे क्षम्य ठरू शकते. पुस्तक धरावयाचे असेल तर तो घटनाभंग! भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. आणि २०२५ साली सरकारने लष्करी संस्थांतील ती सोयही बंद केली.

हे दार आपल्या पूर्वजांच्या ओळखीचे आहे. १८१८ साली कोरेगावच्या रणात महार शिपाई लढले. १८९२ च्या सुमारास त्यांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभारावी लागली. रक्ताची गरज असेपर्यंत माणूस स्पृश्य, गरज संपताच पुन्हा अस्पृश्य, असा हा न्याय.

युद्धकाळात सरकारच्या हाताला न्यायालयाने हात लावू नये, हेही सनातनी मताचे एक लाडके कलम आहे. त्याचे फळ १९४४ साली दिसले. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते, कोणताही गुन्हा शाबीत न होता छावण्यांत डांबण्यात आले होते. आणि त्यांना घराबाहेर काढणारा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. १९८८ साली अमेरिकन सरकारला याबद्दल जाहीर क्षमा मागावी लागली. आपल्या देशातही १९७६ साली, आणीबाणीत, बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी अमान्य केला. तो एक न्यायाधीश म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. भीतीच्या काळात दुर्बलाचा हक्क सर्वांत आधी जातो, हा दोन्ही देशांचा अनुभव आहे.

आपला स्वतःचा निवाडा

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. न्यायालय आपले हक्क काढून घेऊ शकते काय? बाई, ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याच विदर्भात तसे घडलेले आहे. १९६२ साली नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप मान्य केला आणि निवडणूक रद्द ठरली. उघडपणे बौद्ध म्हणवून घेणे हेच त्यांच्या हक्काच्या आड आले! महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या कक्षेत नवबौद्धांना सवलती दिल्या. परंतु केंद्राचे दार बंदच राहिले. कित्येक घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कागदावर जुनी नोंद, असा दुभंगलेला संसार एक पिढीभर चालला.

न्यायाधीशांनी तेथे शब्द वाचले. आणि शब्द खरोखरच तसा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूंखेरीज इतरांस अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. मग आपल्या समाजाने काय केले? पुन्हा हिंदू व्हावे म्हणून तो परतला नाही. मोर्चे निघाले, निवेदने गेली, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. आणि १९९० साली संसदेने त्या आदेशात बौद्ध हा शब्द घातला. आज बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या अनुसूचित जातीच्या कुटुंबाचा हक्क त्या शब्दावर उभा आहे. म्हणून बाई, तुम्ही कागदावर बौद्ध लिहिले ते चुकले नाही. तो शब्द लिहिता यावा म्हणून धर्मांतरानंतर ३४ वर्षे झगडावे लागले आहे.

दुसरे उदाहरण १९५१ चे. मद्रास राज्याने महाविद्यालयातील जागा जातवार वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था रद्द केली. त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार पंधराव्या कलमात स्पष्टपणे घातला. त्या वेळी कायदेमंत्री बाबासाहेबच होते. पुढे १९७५ साली केरळच्या एन. एम. थॉमस खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, दुर्बलास वर आणणे हा समतेला अपवाद नसून तो समतेचाच भाग आहे. न्यायालयाने दार लावले तेव्हा आपण संसदेकडून ते उघडविले. आणि कालांतराने न्यायालयासही आपले म्हणणे पटले.

अमेरिकेकडून घ्यावयाचा धडा हाच आहे. तेथे २००६ साली ९८ मतांनी मिळालेले रक्षण अवघ्या सात वर्षांत गेले. मिळालेला हक्क आता कायमचा झाला, असे समजून जो समाज स्वस्थ बसतो, त्याचा हक्क विद्वत्तेच्या भाषेत, समतेचे नाव घेऊन, काढून घेतला जातो. तलाठ्याच्या दप्तरी, शाळेच्या दाखल्यावर, जनगणनेच्या कागदावर धर्म बौद्ध लिहा. जातीच्या प्रमाणपत्राचे कागद जपून ठेवा. आणि मुलामुलींना निकालपत्रे वाचावयास शिकवा. यवतमाळच्या वाचनालयात बसून घटनेची चौदा ते सतरा ही कलमे ज्याने समजून घेतली, त्यास मोबाईलवरील खोटा मजकूर फसवू शकणार नाही.

दिग्रसकडच्या त्या मुलास माझे सांगणे आहे : बाळ, पुढच्या पौर्णिमेस तोच मजकूर पुन्हा विहारात वाच, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यास तूच उत्तर दे. तुझी आई ओसरीवर बसून ऐकत असेल.

जय भीम!